वजा दोन

४ जून

प्रिय धाकट्या,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आईची कंबर पुन्हा धरलीये हे वाचून जिवाला घोर लागला. मला दोन महिने तरी इथून हलता येत नाही. प्रयोगशाळेत सध्या रोज वीस माणसं येतात. बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा, सोसवेना की काढायचा आणि दहापैकी किती दुखलं ते सांगायचं. मग वीस मिनिटं व्यायामाची सायकल मारून पुन्हा हात पाण्यात. सायकलनंतर बहुतेकांना कमी दुखतं. बायका मात्र पुरुषांपेक्षा लवकर हात काढतात आणि आकडाही मोठा सांगतात. आमचे साहेब चहा पिताना म्हणतात, बायकांच्या आकड्यातून सरळ दोन वजा करा. आहेत तसलेच ते.

तू शाळेत खेळाच्या तासाला पोरांना पळवतोसच, तर आईलाही रोज थोडं चालव. आधी आणि नंतर आकडा विचार, आणि मला कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई


२८ जून

प्रिय ताई,
सा. न.

आईला रोज मैदानाच्या दोन फेऱ्या मारायला लावतो. शिट्टी तेवढी वाजवत नाही. पहिल्या दिवशी चालण्याआधी सात म्हणाली, नंतर सहा. काल आधी सहा, मग पाच. तुझ्या साहेबांचे दोन वजा केले तर तीनच उरतात, आणि तीन तर माझ्या गुडघ्याला रोजच असतात. म्हणून डॉक्टरांकडे नेलं नाही. आता तिसरी फेरी सुरू केलीये. वाटेत खांबाला धरून उभी राहिली, तेव्हा मी म्हटलं, नाटकं पुरे, चल. हसली आणि चालली.

तू उगाच जीव जाळू नकोस. लोभ आहे, तो वाढव.
धाकटा


६ जुलै

धाकट्या,

खांबाला धरून? अरे, साहेबांची ती वाह्यात थट्टा होती, आणि मी मूर्खासारखी तुला लिहून बसले. शंभर बायकांचं बघून एका आईचं दुखणं ठरवतात का? पत्र मिळताच तिला डॉक्टरांकडे ने. चालणं बंद.

ताई


१० जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र काल आलं. परवाच आई जिन्यात बसली, ती उठलीच नाही. कमरेच्या हाडात गाठ आहे, खूप पसरलीये. हाड पिचून महिना झाला म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस या चालत कशा होत्या? गळ्यात शिट्टी तशीच लटकत होती.

तू ये.
धाकटा


१२ जुलै

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

नर्सबाईंकडून लिहवून घेतेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. धाकट्याला काही बोलू नकोस. तो शाळेतून दमून यायचा आणि आकडा विचारायचा. पहिल्यांदा खरं सांगायला गेले, तर त्याचं तोंड आधीच एवढंसं झालं. मग मी नऊचे सात करून सांगितले. चालून आल्यावर आणखी एक कमी करायची, तेवढीच मास्तरांना शाबासकी. तुझे बाबा साध्या सर्दीला दहा म्हणायचे आणि आपण सगळे पळायचो, आठवतं ना? मला कधी जमलंच नाही ते.

इथे विचारलं तेव्हा दहा म्हटलं. हलकं वाटलं बघ.

येताना जपून ये.
आई


५ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,
अ. उ. आ.

आईचं दिवसकार्य उरकून इथे आले त्याला महिना झाला, पण लिहायला हात धजेना. आज एका बाईंनी नऊ सेकंदांत हात काढला आणि ओशाळून माफी मागितली. मी त्यांचा हात टॉवेलात धरून बसले. मला रडू आवरेना आणि त्या बिचाऱ्या माझीच समजूत घालत राहिल्या.

आईने आधीच दोन कमी केले होते, धाकट्या. आणखी दोन तू केलेस, पण तुझ्या हातात ते मी दिले होते. निम्मा दोष माझा आहे, तो तू एकट्याने उचलू नकोस.

शिट्टी कपाटात टाकलीस आणि शाळेत जात नाहीस, असं तुझ्या बायकोने कळवलंय. विचारलं की बरा आहे म्हणतोस. मला खरा आकडा लिही. मी त्यातून काही वजा करणार नाही.

माझ्यावर राग धरलास तरी पत्र थांबवू नकोस.
तुझी ताई


११ सप्टेंबर

प्रिय ताई,

आधी सात लिहिले होते, ते खोडले.

दहा.

धाकटा