होड्यांच्या तक्त्यातील नावाचा रकाना रुंद करण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
सोनकिनारा मच्छीमार सहकारी संस्था,
मच्छीमार नगर, कफ परेड, मुंबई.

विषय: संस्थेच्या संकेतस्थळावर होडीच्या नावाचा रकाना आजच्या आज रुंद करून मिळणेबाबत.
संदर्भ: आपले लिपिक श्री. स्वप्नील यांच्याशी आज सकाळी झालेले बोलणे.

महोदय,

१. माझे पती निमेश आमची होडी घेऊन समुद्रात गेले आहेत. कालपासून वारा सुटला असून त्यांचा फोन लागत नाही. आज सकाळी संस्थेच्या पानावर एका होडीपुढे ‘संपर्क तुटला’ असे आले. बाकीच्या सुखरूप आहेत.

२. ती होडी कोणाची, हेच कळत नाही. आपल्याकडे होडीला आधी आईचे नाव, मग घरच्या लेकराचे. आमची ‘आई एकविरा प्रसन्न मनवा’, शेजारच्या मेघनाताईंची ‘आई एकविरा प्रसन्न अक्षता’. रकान्यात ‘आई एकविरा’ एवढेच मावते, पुढे तीन टिंबे. नोंदणी क्रमांकाचेही तेच. सुरुवात सर्वांची सारखी, वेगळे आकडे शेवटी, आणि तेच कापले जातात.

३. याउलट ‘शेरा’ हा रकाना अर्धे पान अडवून रिकामा बसला आहे. कार्यालयातही हेच पान दिसते म्हणे. स्वप्नील म्हणाले, “मॅडम, मोबाईल आडवा धरा ना.” धरला. शेराच आणखी पसरला. पान बनवणारे श्री. वरद सांगतात की नावाच्या रकान्याची रुंदी पक्की बांधलेली आहे, उरलेली जागा शेऱ्याला जाते. काम दोन मिनिटांचे, पण आपल्या सहीशिवाय हात लावता येत नाही. म्हणून हा अर्ज.

४. साहेब, मला फार भीती वाटते. मेघनाताईंनी आणि मी सकाळपासून एकमेकींकडे पाहिलेले नाही. ती होडी त्यांची निघावी म्हणून मी आईला साकडे घालते आहे. त्याही तेच करत असणार. लाज वाटते, पण साकडे थांबत नाही.

५. तरी सही करावी, ही हात जोडून विनंती. मात्र ती ओळ आमच्या होडीची निघाली, तर पानावर दिसण्याआधी कोणाला तरी आमच्या घरी पाठवावे. मी बंदरावर असेन. सासूबाई राधाबाई घरी एकट्या आहेत, आणि मोबाईल त्यांच्या हातात आहे.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
सौ. किर्ती निमेश तांडेल
दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत: पानाचे छायाचित्र, मोबाईल उभा व आडवा धरून.