रिकाम्या सापळ्यातला ढग

३ मार्च

डोलतात म्हणे! गारठवून गारठवून जवळजवळ गोठवलेले लाखभर अणू, प्रकाशाच्या सापळ्यात धरलेले — आणि लेझरने दोनदा हलवलं की अख्खा ढग एकदा डोलतो. दर दुसऱ्या ठोक्याला, न चुकता. सरांनी फळ्यावर आलेख काढला आणि खोलीतल्या सगळ्या माना एकदम हलल्या. अणूंचं माहीत नाही, आमची मंडळी मात्र झकास डोलतात.

"आता थांबायचं नाही. महिनाअखेरीला जर्नलकडे पेपर गेलाच पाहिजे," म्हणे. थांबायचं नाही म्हणजे तपासायचं नाही! उचलली जीभ लावली टाळ्याला.

५ मार्च

लेझरवाल्याला विचारलं, तुम्हाला पटतंय का हे? वीस वर्षं इथले लेझर सांभाळतोय. म्हणाला, "बघू." या माणसाला पाठीचा कणा आहे की नुसती केबल, देव जाणे.

९ मार्च

सापडलं!!

सगळे जेवायला गेले तेव्हा सापळा रिकामा ठेवून तोच प्रयोग चालवला. आत एकही अणू नाही. तरी पडद्यावर ढग — आणि डोलतोय! गार पाण्याच्या पंपाने कॅमेऱ्यापुढचा आरसा थरथरतो, उजेडाचे पट्टे सरकतात, आणि आमचा प्रोग्राम पट्ट्यांनाच अणू समजतो. पंपाचा ताल नेमका आमच्या ठोक्यांच्या निम्मा! दोन वर्षं आम्ही पंपाचे फोटो काढले. आणि हे म्हणे शास्त्रज्ञ.

लेझरवाला आरसे पुसायला आला, त्याला दाखवलं. पुन्हा "बघू"! पालथ्या घड्यावर पाणी.

१२ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"एका फेरीवरून काय ठरतं?" मग आवाजात साखर — "तुझं कॉन्ट्रॅक्ट एकतीसला संपतंय ना? पेपर गेला की मुदतवाढीचं पत्र देतो."

ती मुदतवाढ त्यांच्या तोंडावर फेकायला हवी होती. मी "बरं" म्हणून बाहेर आले. चीड आली स्वतःची.

१३ मार्च

आई फोनवर — "अगं, अणू डोलले काय न् डोलले काय, तुझं काय जातंय? नोकरी सांभाळ."

तिला निदान अणू कळत नाहीत. बाकीच्यांचं काय?

२० मार्च

उद्या पेपरवर सगळ्यांच्या सह्या. उद्या भर बैठकीत सांगणार. एकेकाचं तोंड बघायचंय मला!

२१ मार्च

मी सही केली. एक शब्द बोलले नाही.

माझ्यानंतर कागद लेझरवाल्याकडे गेला. त्याने तो परत सरकवला. "माझं नाव काढा, सर. रिकामा सापळा मी बारा वेळा चालवून पाहिला. बाराही वेळा ढग दिसला."

"हे खूळ तुमच्या डोक्यात घातलं कुणी?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.