थर्लच्या नावापुढचा हिरवा दिवा

राजधानी, मंगळवार, १४ फेब्रुवारी

प्रिय ऑर्फा,

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझ्या हातांवरचं पुरळ कमी झालं का? खरं काय ते लिही.

माझ्या शेजारच्या बाकावरचा आमदार थर्ल हॅस्केट गुरुवारी वारला. त्याच्या मेजावर काळं कापड अंथरलंय. अकरा वर्षं तो सिगार ओढायला बाहेर गेला की त्याचं मताचं बटण मीच दाबायचो. नियमात बसत नाही, पण इथे सगळेच करतात.

आज आपल्या विहिरींचं विधेयक एका मताने मंजूर झालं. म्हटलं, खाणीचं घाण पाणी आता विहिरींत जायचं थांबणार! मतांच्या फलकाकडे पाहिलं, तर थर्लच्या नावापुढे होकाराचा हिरवा दिवा.

"काय रे अल्वा, कबरीतूनही मतं आणतोस?" मागच्या बाकावरचा क्लीटस ओरडला. "जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही लेकाचा!"

सवयीने माझाच हात गेला असेल, असं वाटलं. शाळा मी सहावीत सोडली, पण सभागृहाचे नियम मला तोंडपाठ आहेत. उठून मीच फेरमतदान मागितलं. या खेपेला माझं बटण दाबून झाल्याबरोबर दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

ऑर्फा, काळ्या कापडाला बोटाएवढा खळगा पडला आणि दिवा पुन्हा हिरवा झाला.

मीच उठून ते सभागृहाला दाखवलं. कारकुनाने तार तोडली, तेव्हा तो विझला. मतं समसमान झाली. समसमान झाली की विधेयक पडतं.

विहिरीचं पाणी पिऊ नकोस. थर्लच्या विल्माला भेटलीस तर सांग, त्याने दोनदा आपल्याला मत दिलं, आणि दोन्ही वेळा मीच ते काढून घेतलं.

तुझ्या काळजीत असलेला,
अल्वा