बांगडीवाला असल्याची बतावणी

पेण, मंगळवार

प्रिय फहाद,

आपलं लग्न ठरल्यापासून रोज व्हिडिओ कॉल होतो, मग हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण कॉलवर माझ्यामागे निम्मं पेण आणि तुमच्या अम्मीच्या मागे निम्मं रोहा उभं असतं. तुमचे भाऊ उबेद शुक्रवारी तुमच्याकडे दोह्याला निघालेत, म्हणून पाकीट चिकटवून त्यांच्या हाती देतेय.

आमच्या साप्ताहिकाचे जुने अंक कॉम्प्युटरवर चढवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. त्या बातम्यांतल्या एका शब्दाने मला वेड लावलंय: बतावणी. आपण बोलताना 'नाटक करतो' म्हणून मोकळे होतो, पण त्या काळचा बातमीदार हटकून 'बतावणी' लिहिणार. कुणी पोलीस असल्याची बतावणी करून फुकट चहा प्यायला, कुणी नवरीचा लांबचा मामा असल्याची बतावणी करून दोन पंगती जेवला. मी एकटीच हसत बसते, संपादक चष्म्यावरून बघतात.

परवा मात्र हसता हसता थांबले. बातमी अशी: 'गडब येथे बांगडीवाला असल्याची बतावणी करून एका सद्गृहस्थाच्या घरात शिरलेल्या मुसा नामक पेणच्या तरुणास ग्रामस्थांनी पकडले. झडतीत त्याजजवळ बांगड्यांखेरीज काहीही आढळले नाही.' मुसा म्हणजे माझे दादा, अब्बांचे वडील! आणि गडब तर आमनादादीचं माहेर.

घरी जाऊन दादीला वाचून दाखवली. आधी ती पदर तोंडाला लावून हसली, मग चिडली. "कसली गो बतावणी? मी तर दारातच वळखला व्हता त्याला." लग्न ठरलं होतं, पण निकाहाआधी एकमेकांना भेटायची सोय नव्हती. दादीने त्यांना फक्त एकदा बाजारात लांबून पाहिलेलं. दादांनी कुणाकडून तरी बांगड्यांचं ओझं मागून घेतलं आणि थेट तिच्या ओटीवर येऊन बसले. बांगड्या भरायचं कसब कुठलं असणार? एकामागून एक फुटायला लागल्या. बघत उभ्या असलेल्या शेजारच्या धोंडुबाईला संशय आला. "ह्यो कसला बांगडीवाला, भरतोय कमी नि फोडतोय जास्त!" तिने अशी आरोळी ठोकली की भाताची झोडणी टाकून माणसं धावत आली. दादांची कॉलर धरली गेली. शेवटी दादीच्या वडिलांनी येऊन पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "सोडा रे, जावई हाय आमचा." मग त्याच माणसांनी त्यांना आग्रह करकरून जेवू घातलं. हे पुढचं काही बातमीदाराने छापलं नाही.

मी विचारलं, एवढा खटाटोप नुसतं बघायला? दादीने हातातल्या बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाली, "बघाया नाय गो. इचाराया आलेला. बांगडी चढवताना हळूच म्हणाला, तुला हे लग्न मनापासून हवंय ना? नको असंल तर सांग, मी माझ्या अंगावर घेऊन मोडतो." असं तिला तोवर घरातल्या कुणी विचारलं नव्हतं. ती 'व्हय' म्हणाली आणि तेवढ्यात धोंडुबाई ओरडली.

फहाद, मलाही कुणी विचारलेलं नाही. गेल्या रविवारी तुमच्या अम्मीने नोकरीचं विचारलं, तेव्हा माझ्याआधी अब्बाच म्हणाले, "सोडेल, सोडेल." मी हसून मान डोलावली. ते खरं नव्हतं. मला हे काम सोडायचं नाही. लग्नानंतर रोह्याहून पेणला रोज ये-जा करायची माझी तयारी आहे. तुम्हाला हे चालेल का? आणि हे लग्न तुम्हाला स्वतःला हवंय, की तुमच्या वतीनेही कुणी दुसरंच 'हो' म्हणालंय? काहीही असो, मोकळेपणाने कळवा. नाही म्हणालात तरी अब्बांना मी सांभाळीन. हो म्हणालात तर माझं 'हो' तयार आहे, आणि ते मी स्वतः सांगेन, सगळ्यांसमोर.

(तुमचीच)
खुशनुमा

उत्तर आलं की कंस काढते.