ठमीच्या खुर्चीआडचा दिवा

"सायकलच्या सीटखाली मागचा दिवा लावलास तर ठमीच्या खुर्चीआड जाईल," असं तुझ्या ताई म्हणाल्या होत्या, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. काल पाळणाघरातून तुम्ही दोघं सायकलवर पुढे गेलात, मी मागून चालत होते, आणि वळणाच्या आधीच तुम्ही अंधारात दिसेनासे झालात. दिवा चालू होता रे, पण उजेड सगळा खुर्चीवरच अडत होता.

आज दुपारी ताईंना त्यांच्या दुकानातून बोलावलं. आपला दिवा कॅरिअरला बसेना, तेव्हा "माझ्याकडे जास्तीचा होता" म्हणत त्यांनी दुसरा बसवला. लांबूनही लख्ख दिसतो. ठमीची शाल तेवढी त्यावर लोंबू देऊ नकोस.

त्या गेल्यावर पाहिलं तर दिव्याच्या पट्टीला त्यांच्या सायकलीचा निळा रंग लागलेला. जास्तीचा कसला, स्वतःचाच काढून दिलाय! मी फोन केला तर "काळजीवाहू सरकार, कामाला जा" म्हणून ठेवून दिला. आपला सीटखालचा दिवा आणि पाना घेऊन आधी त्यांच्या दुकानावर जा आणि तो त्यांच्या सायकलला बसवून दे. दुकान बंद असेल, तर त्या घरी नीट पोहोचल्या का, ते स्वतः जाऊन बघ.