न तपासलेल्या ब्रेकखालची सही रद्द करण्याबाबत

दिनांक : १२ जून २०२६
तुर्भे, नवी मुंबई

प्रति,
मा. सहायक नियंत्रण अधिकारी,
वाहन सेवा केंद्र तपासणी कक्ष,
नवी मुंबई विभाग.

विषय : शाळेची व्हॅन सोमवारपूर्वी थांबवून तिचे ब्रेक दुरुस्त करवून घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २५ मेचा तक्रार अर्ज.
२) सेवा केंद्राचा दि. ५ जूनचा खुलासा (हाही अर्जदारानेच लिहिलेला).
३) प्रकरण निकाली काढल्याचे आपले दि. ९ जूनचे पत्र.

महोदय,

अर्जदार कु. जागृती पंढरी मढवी, रा. तुर्भे गाव, ही येथील एका वाहन सेवा केंद्रात सर्व्हिस ॲडव्हायझर व व्यवस्थापनाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेत आहे. ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत जॉब कार्डावर उतरवणे, काम झाल्यावर तपासणीखाली सही करणे आणि गाडी हसतमुखाने परत देणे, हे ती शिकते. कार्यालयीन पत्रात ‘मी’ लिहू नये, असेही तेथेच शिकवले आहे. म्हणून ती स्वतःस अर्जदार म्हणवते.

१. केंद्राची पद्धत अशी, की त्या दिवशी आलेल्या खऱ्या गाड्यांची कार्डे प्रशिक्षणार्थींनी सरावासाठी पुन्हा लिहावीत, प्रत्येक तपासणीपुढे ‘तपासले, ठीक’ लिहावे व खाली सही करावी. सरावाचा कागद पिवळा, खऱ्या कामाचा पांढरा. दि. २१ मे रोजी पिवळे कागद संपले. प्रशिक्षक श्री. इंद्रजित सर म्हणाले, “पांढऱ्यावर लिहा ना, काय फरक पडतो?” अर्जदाराने पांढऱ्यावर लिहिले. अक्षर सुरेख आल्याबद्दल तिला शाबासकीही मिळाली.

२. ते कार्ड श्री. सिताराम ठाकूर यांच्या व्हॅनचे होते. ते खारघरमधील चौदा मुलांना शाळेत पोहोचवतात. ब्रेकचे तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी फुगून तडकल्याचे मेकॅनिक श्री. कृष्णात यांना त्या सकाळी आढळले होते. नवी नळी मागवली होती, ती यायची होती. संध्याकाळी काउंटरवर पांढरे कार्ड दिसले, त्यावर ‘ब्रेक तपासले, ठीक’ होते आणि खाली सही होती. गाडी देऊन टाकण्यात आली.

३. दुसऱ्या दिवशी नवी नळी आली. ती आजही भांडाराच्या फळीवर, व्हॅनचा नंबर लिहिलेल्या पिशवीत पडून आहे. अर्जदार रोज जाऊन पाहते. इंद्रजित सरांना सांगितले असता, गाडी परत बोलावली तर चूक कबूल केल्यासारखे होईल, पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू, असे ते म्हणाले. पुढचे सर्व्हिसिंग नोव्हेंबरात आहे. पोलीस चौकीत कार्ड पाहून, काही घडले तर या, असा सल्ला मिळाला.

४. म्हणून अर्जदाराने आपणाकडे तक्रार केली. आपण ती खुलाशासाठी केंद्राकडे पाठवलीत. त्या आठवड्यात वर्गात ‘तक्रारीस उत्तर देणे’ हा धडा चालू होता. नाव-गाव खोडलेली एक तक्रार सरांनी अर्जदारापुढे ठेवली. ती तिचीच होती. हे तिने तेथल्या तेथे सांगितले. सर म्हणाले, मग तर तुम्हाला सोपेच जाईल. परीक्षेचे गुण होते, तिची मती फिरली, आणि तिने झकास उत्तर लिहिले : ‘सदर वाहनाची सखोल तपासणी झाली असून तक्रार गैरसमजातून उद्भवली आहे.’ पंचवीसपैकी चोवीस गुण पडले. हेच उत्तर केंद्राच्या शिक्क्यासह आपणाकडे गेले, आणि त्याच वाक्यावर आपण प्रकरण मिटवलेत. अर्जदारास याची लाज वाटते.

५. काल ती स्वतः खारघरला सितारामकाकांकडे गेली. त्यांनी व्हॅन धुऊन हार घालून ठेवली होती. नळीचे सांगताच त्यांनी कार्ड काढून दाखवले. “ही सही तुजीच हाय ना गो? मंग कशाला घाबरतेस?” असे म्हणून त्यांनी तिला चहा पाजला. ब्रेक थोडा खाली जातो खरा, पण दोनदा दाबला की लागतो, असेही ते सहज बोलून गेले.

६. मुलांची शाळा सोमवारी, दि. १५ रोजी उघडते. व्हॅन सकाळी सात वाजता डोंगराकडच्या उतारावरून भरून निघते. नळी बसवायला अर्धा तास लागतो.

तरी आपण आजच लेखी आदेश देऊन व्हॅन थांबवावी. हे पत्र कृपया खुलाशासाठी केंद्राकडे पाठवू नये. तेथे तक्रारींची उत्तरे आता अर्जदारच लिहिते. चांगल्या गुणांमुळे तिला ते काम कायमचे दिले आहे.

शिकवलेले सोडून शेवटी एक ओळ लिहिते. ते ब्रेक मी तपासलेले नाहीत.

आपल्या आदेशाची शनिवारभर वाट पाहणारी,
(सही)
जागृती पंढरी मढवी

सोबत : १) जॉब कार्डाची प्रत.
२) फळीवरील नळीचे आजचे छायाचित्र.
३) अर्जदाराची सही असलेला एक कोरा पिवळा कागद, सही ताडून पाहण्यासाठी. हा अर्ज मात्र पांढऱ्या कागदावर आहे, याची कृपया नोंद घ्यावी.