न फवारलेली बांधी

अकोला, नोव्हेंबर १९८६

प्रिय हरिदास,

साक्षगंधाच्या दिवशी तुम्ही माझ्या संशोधनाविषयी विचारले आणि मी मान खाली घालून बसले. मला कागदावरच बोलता येते, म्हणून हे धाडस.

धानावरच्या करप्याचे औषध पावसाने धुऊन जाते. ते आम्ही पिठाहूनही बारीक कुप्यांत भरतो. जिलेटिन आणि डिंकाचे कवच असलेल्या या कुप्या पानाला चिकटून राहतात आणि औषध हळूहळू सोडतात. डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. यंदा मूलजवळच्या आमच्या शेतात एका बांधीवर, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या एका तुकड्यावर, मी त्या फवारल्या. शेजारची बांधी मुद्दाम औषधाविना ठेवली, कारण तिच्याशी तुलना केल्याखेरीज कुप्यांचा गुण सिद्ध होत नाही. बाबांना हे समजावले होते. त्यांनी मानही डोलावली होती.

पोळ्यानंतर घरी गेले, तर त्या दुसऱ्या बांधीतली पाने निळसर दिसली. बाबा खुशीत होते. "डोयासमोर धान करपून राह्यलं होतं वं! लोक म्हणत, वामनरावाची पोरगी शिकली अन् धानाले मारलं. मंग मीच मोरचूद मारलं. पाह्य, कसं वाचलं!" आई म्हणाली, "पोरीच्या लग्नाची एवढी घाई नाई केली तुमी, जेवढी त्या बांधीची!" सगळे हसले. मीही "बरं झालं" म्हणाले.

मोरचूदही बुरशीवरचेच औषध; तुलना तिथेच संपली होती. मार्गदर्शक म्हणाले, मोरचुदाचा उल्लेख गाळ, कोण विचारणार? तसे केले असते, तर बुद्धपौर्णिमेच्या आपल्या लग्नाआधी प्रबंध पुरा झाला असता. पण माझ्याने ते लिहवले नाही. आता पुढच्या पावसाळ्यात, महाविद्यालयाच्या शेतावर, सारे पुन्हा करायचे आहे.

आपल्यात मुहूर्त पाहत नाहीत. लग्न पुढच्या धानकापणीनंतर करता येईल का? आणि तुमची हरकत नसेल, तर हा शब्द तुमच्याकडून यावा. बदलीचे, घराच्या डागडुजीचे, कोणतेही कारण सांगा. मी मागितले, तर बाबा खोदून विचारतील, आणि माझी लाज राखायला गेलेल्या त्या माणसाला कळेल की आपल्या हातून काय झाले. प्रबंधात खोटे न लिहिणारी मी तुम्हाला खोटे बोलायला सांगते आहे, हे मला दिसते. बाबा रागावतील, तुम्हाला चार शब्द सुनावतील. माझ्यासाठी ते ऐकून घ्याल?

तुम्ही होकार दिलात तर तुमचीच,
यशोधरा